तोफझाक्यांचं सुतक

हिंमतराव तोफझाके यांच्या फोनवर तो निरोप आला तेव्हा कर्वेनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये मानपानाच्या साड्यांचा ढीग पडला होता. कोणती साडी कोणत्या आत्याला, यावरून श्यामलाबाई आणि त्यांची लेक स्पृहा यांचं चांगलंच वाजलं होतं. आपलं मत कोणी विचारत नाही याचा आनंद घेत हिंमतराव कोपऱ्यात बसले होते. स्पृहाचं लग्न तीन आठवड्यांवर आलं होतं.

"परिवाराच्या ग्रुपवर आलंय," ते म्हणाले. "लोणी काळभोरचे नागोअण्णा अत्यवस्थ आहेत. प्रार्थना करा म्हणतात." आणि जोडलेल्या हातांची दोन चित्रं पाठवून त्यांनी फोन खाली ठेवला.

श्यामलाबाईंच्या हातातली साडी हातातच राहिली. "वय काय हो त्यांचं?"

"नव्वदीच्या पुढे. हयात तोफझाक्यांमध्ये सर्वांत ज्येष्ठ!"

"अभिमान नंतर वाटून घ्या. त्यांचं काही बरंवाईट झालं तर सुतक कोणाला?"

"सगळ्यांनाच," हिंमतराव म्हणाले. "तसा ठरावच आहे आपला."

"मांडला कोणी होता तो?"

हिंमतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. तो मुळात स्वच्छ होता.

आता हा ठराव काय, ते सांगायला हवं. हिंमतराव सांख्यिकी खात्यातून निवृत्त झालेले. नोकरीत त्यांनी जिल्ह्यातल्या कोंबड्या मोजल्या, विहिरी मोजल्या, बैलगाड्या मोजल्या. निवृत्तीनंतर मोजायला काहीच उरेना, तेव्हा त्यांनी तोफझाके मोजायला घेतले. आडनाव असं की लहानपणी हजेरी घेताना गुरुजी अडायचे आणि बँकेत नाव पुकारणारी मुलगी अजूनही हसू दाबायची. इतकं विरळा आडनाव लावणारी माणसं एकाच रक्ताची असणार, यात हिंमतरावांना तिळमात्र शंका नव्हती. मतदारयाद्या पालथ्या घालून, अनोळखी माणसांना भर दुपारी फोन करून आणि त्यांच्या शिव्या खाऊन त्यांनी पन्नासेक तोफझाके गोळा केले. कुणी येरवड्यात, कुणी वाशीमकडून कारखान्यात नोकरीला आलेले. पण सर्वांत मोठं घबाड सापडलं ते लोणी काळभोरला. नागोअण्णा, त्यांची चार मुलं, सुना, नातवंडं, असा कुळाचा तिसरा हिस्सा एकाच वस्तीवर राहत होता.

आडनावाची उत्पत्तीही नागोअण्णांनीच सांगितली. ऐन लढाईत पाऊस आला, मूळपुरुषाने अंगावरचं घोंगडं काढून तोफेवर टाकलं, दारू कोरडी राहिली आणि लढाई जिंकली. ही हकिकत ऐकून हिंमतरावांच्या अंगावर काटा आला होता. श्यामलाबाईंच्या अंगावर काही आलं नाही. "लोकांचे पूर्वज तोफा डागायचे," त्या म्हणाल्या होत्या, "तुमचे झाकायचे. तरीच."

मग गेल्या वर्षी कुलसंमेलन झालं. बासुंदीचं जेवण झाल्यावर हिंमतरावांनी उभं राहून ठराव मांडला की, सर्व तोफझाके हे एकमेकांचे भाऊबंद असून यापुढे ते एकमेकांचं सोयरसुतक पाळतील. येरवड्याच्या अभयने तेवढं "दहा दिवस? सगळ्यांचंच?" असं विचारलं. पण बासुंदीनंतर माणूस कशालाही टाळ्या वाजवतो. टाळ्यांच्या कडकडाटात ठराव पास झाला.

"बाबा, सिंपल आहे," स्पृहा म्हणाली. "ग्रुप सोडा. बातमी कळली की सुतक सुरू होतं ना? मग कळूच नाही द्यायची. लग्न झाल्यावर कळून घ्या."

हिंमतरावांचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. "शैलाताई आहेत ग्रुपवर."

"केदारच्या आई? त्यांना तोफझाक्यांच्या ग्रुपवर कोणी घेतलं?"

हिंमतरावांनी पुन्हा चष्मा काढला. आपलं कुळ केवढं मोठं आहे हे होणाऱ्या विहीणबाईंना दिसावं, म्हणून साखरपुड्याच्या दिवशीच त्यांनी हे काम उरकलं होतं. आणि विहीणबाई तर अशा की अंगावर पाल पडली तरी आधी पंचांग उघडायच्या. सुतकातल्या घरातली मुलगी त्यांनी मांडवात उभीसुद्धा केली नसती.

"आई, केदारचं जॉइनिंग पुढच्या महिन्यात आहे," स्पृहा म्हणाली. "हा मुहूर्त गेला तर तो एकटा जर्मनीला जाईल. मग माझा व्हिसा, माझी नोकरी, सगळंच..." एका म्हाताऱ्याच्या श्वासावर आपला संसार टांगलाय, हे तिला खरं वाटत नव्हतं.

श्यामलाबाईंनी साड्या बाजूला सारल्या. "ऐका. नागोअण्णा जगले पाहिजेत. निदान देवक बसेपर्यंत. एकदा देवक बसलं की मग सुतक लागत नाही. तोवर ते कसे जगतील हे तुम्ही बघायचं. गोळा तुम्ही केलेत, सांभाळाही तुम्हीच."

दुसऱ्या दिवशी सकाळी हिंमतराव सोसायटीतल्या डॉक्टरांना गाडीत घालून सोलापूर रस्त्याला लागले. लोणीच्या वस्तीवर नागोअण्णा ओसरीतल्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजले होते. उशाशी त्यांचा थोरला मुलगा रावसाहेब बसला होता.

"चार दिस झालं, अन्नाला शिवत न्हाईत," रावसाहेब म्हणाला. "इचारलं तर म्हनत्यात, कुनासाठी खाऊ? समदे आपापल्या कामाला."

डॉक्टरांनी तपासलं. छाती ठीक, नाडी ठीक. अशक्तपणा तेवढा फार होता. हिंमतराव खाटेपाशी वाकले. "अण्णा, मी पुण्याचा हिंमत. काय हवं तुम्हाला? काहीही सांगा."

नागोअण्णांनी एक डोळा उघडला. "तुमी काय देनार?"

"काहीही!"

"मंग अळूवडी आना. आन पत्त्याचा क्याट."

त्या दिवसापासून कर्वेनगरच्या घरात लग्नाची तयारी मागे पडली आणि नागोअण्णांची सुरू झाली. श्यामलाबाई पहाटे उठून अळूवडीचे उंडे वळू लागल्या. नागोअण्णांची कवळी सैल होते असं कळलं, तेव्हा हिंमतराव त्यांना दाताच्या डॉक्टरकडे घेऊन गेले. उकाडा सहन होत नाही म्हणाले, तेव्हा कूलर आला. घरी पत्रिकांवर पत्ते लिहायचे राहिले होते आणि हिंमतराव लोणीच्या ओसरीवर पत्ते पिसत होते. "निघतो आता अण्णा, हॉलवाल्याला भेटायचंय," असं म्हणायची खोटी, की नागोअण्णा छातीवर हात ठेवून म्हणत, "जावा की. मला जरा गरगरतंय, पर तुमी जावा." हिंमतराव परत बसत.

आठवड्याभरात एका दुपारी ते पोचले तर ओसरीवर येरवड्याचा अभय तोफझाके मोसंब्यांची पिशवी घेऊन बसलेला. दोघांनीही एकमेकांकडे न बघता छपराकडे बघितलं.

"सहज आलो होतो," अभय म्हणाला.

"मीही सहजच. वाटेत होतं."

"कर्वेनगरहून कुठं जाताना लोणी वाटेत येतं हो?"

"येरवड्याहून जिथं जाताना येतं, तिथंच."

शेवटी अभयने शरणागती पत्करली. "काका, माझी वास्तुशांत आहे. लोनचा हप्ता चालू आणि भाडंही चालू. तारीख गेली तर मी मेलो. तुम्ही तो ठराव कशाला हो केलात?"

"तू टाळ्या का वाजवल्यास?"

"बासुंदी चांगली होती."

चौकशी केली तेव्हा कळलं की वाशीमवाल्यांकडे दोन मुंजी होत्या आणि बाकी घरांत काही ना काही शुभकार्य निघालेलंच होतं. तोफझाके कुळ एवढं एकजुटीने पूर्वी कधी वागलं नव्हतं. वार वाटून घेतले गेले. सोमवारी मोसंबी, मंगळवारी अळूवडी, बुधवारी पायाला तेल. मेंढीकोटला चौथा गडी मिळू लागला. नागोअण्णांच्या गालांवर मांस चढलं. संध्याकाळी ते काठी न घेता बांधापर्यंत फिरून येऊ लागले. ग्रुपवर रोज त्यांच्या रक्तदाबाचं आणि पोटाचं वार्तापत्र येई आणि त्यावर सर्वांत आधी अंगठा शैलाताईंचा असे. "तुमचं कुळ म्हाताऱ्यांना किती जपतं!" असं त्यांनी एकदा लिहिलं तेव्हा हिंमतराव लाजले की ओशाळले, हे त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

एक गोष्ट मात्र त्यांना हळूहळू कळत होती. मंगळवार कधी येतो याची ते वाट बघायला लागले होते. नागोअण्णा पत्त्यांत उघड उघड लबाडी करायचे, पकडले की खोकायचे, आणि खोकून झालं की गोष्टी सांगायचे. लेक परदेशी जाणार, घर रिकामं होणार, या विचाराने हिंमतरावांच्या पोटात जो खड्डा पडे, तो त्या ओसरीवर बसलं की जरा बुजल्यासारखा वाटे.

शेवटी लग्नाचा दिवस उजाडला. सकाळी कार्यालयात देवक बसलं. श्यामलाबाईंनी देवापुढे कपाळ टेकलं आणि उठताना नवऱ्याच्या कानात म्हणाल्या, "सुटलो बाई. आता काही होवो."

तेवढ्यात हिंमतरावांचा फोन वाजला. "हिंमतराव," नागोअण्णांचा खणखणीत आवाज आला, "फेटा बांदून बसलोय. गाडी कवा येतीय?"

हिंमतरावांनी त्यांना गाडीचा शब्द दिला होता. "आज नका आणू हो," श्यामलाबाई म्हणाल्या. "एवढ्या उन्हाचं कशाला? शिवाय देवक बसलं."

"देवक बसलं म्हणजे अण्णांचं काम संपलं का?" हिंमतराव एकदम तडकले. मग त्यांना स्वतःचीच शरम वाटली. गेले तीन आठवडे ते स्वतः याच हिशेबाने जात होते. "मी जाऊन येतो," ते म्हणाले आणि वधूपिता ऐन मुहूर्ताच्या आधी सोवळ्यावर सदरा चढवून लोणीला पळाला. परतताना खड्डा दिसला की ते गाडी अशी हळू करत की मागचे रिक्षावाले त्यांच्या मूळपुरुषापर्यंत पोचत.

लग्न थाटात लागलं. शैलाताईंनी साऱ्या मांडवादेखत नागोअण्णांना वाकून नमस्कार केला. नागोअण्णांनी अक्षता टाकल्या, मठ्ठा प्यायला आणि पहिल्या पंगतीत जिलब्यांवर आडवा हात मारला. स्पृहा आणि केदार पाया पडून गेल्यावर हिंमतराव त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कोसळले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"अण्णा, तुमचे फार उपकार झाले. तुम्ही राहिलात म्हणून पोरीचं लग्न झालं."

"मी राहिलो म्हून? ते कसं?"

"आता तुमच्यापासून काय लपवायचं? सुतकाची धास्ती होती आम्हाला."

"ते ठाव हाय मला," नागोअण्णा जिलबी मोडत म्हणाले. "येडा हाय का मी? पर माजं सुतक तुमाला दहा दिस लागतंय कुटं? मी तोफझाके न्हाईच."

हिंमतराव ताठ झाले. "काय?"

"माजी आय तोफझाक्याची. मी भाचा. बाप ल्हानपनीच गेला, मामाकडं वाडलो. मामानं शाळंत घालताना आपलंच नाव लावून दिलं. त्याला मूलबाळ न्हवतं. झालं, लागलं त्ये लागलं."

हिंमतरावांच्या डोक्यात वजाबाकी सुरू झाली. चार मुलं, सुना, नातवंडं. तोफझाके कुळाची लोकसंख्या एका जिलबीत तिसऱ्या हिश्शाने घटली होती. सुतकाचं राहू द्या, उभी हयात आकड्यांत घालवलेल्या माणसाला हा घाव फार वर्मी बसला. "आणि ती तोफेची हकिकत? ते घोंगडं?"

"त्ये मामानंच सांगितलं व्हतं. मामा लई थापा मारायचा."

"अण्णा!" हिंमतराव ओरडलेच. "हे मला पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं आसतं तर दुसऱ्यांदा आला आसता का?"

नागोअण्णांनी जिलबी खाली ठेवली. पहिल्यांदाच त्यांचा आवाज बारीक झाला. "खरंच मरत व्हतो त्या दिशी. कट्टाळा आलता. मंग तुमी आला, त्यो अभय आला, रोज कुनीतरी याया लागलं. म्हनलं, ऱ्हाऊ आनखी थोडं." त्यांनी मांडवाकडे बघितलं. "आता तुजी पोरगी उजवली. आता तू बी यायचा न्हाईस. सांगून टाक समद्यांना. त्यो माईक हाय तितं."

माईक खरोखरच समोर होता. सत्य सांगणं हे संशोधकाचं कर्तव्य असतं. हिंमतराव उठून उभे राहिले. तेवढ्यात अभय धावत आला.

"आजोबा, किती जिलब्या खाल्ल्यात? काका, तुम्ही बसलात इथं आणि लक्ष नाही? तुमचं कार्य झालं हो, माझी वास्तुशांत अजून व्हायचीय!"

हिंमतरावांनी अभयकडे पाहिलं. मग नागोअण्णांकडे पाहिलं. नागोअण्णा जमिनीकडे बघत होते.

"खरंय तुझं," हिंमतराव गंभीरपणे म्हणाले. "मघापासून त्यांना जरा धापच लागतेय. आता आठवड्यातून एकदा येऊन भागायचं नाही, अभय. तू सोमवारबरोबर गुरुवारही घे. मुंजीवाल्यांनाही कळव."

"आणि तुमचा मंगळवार?"

"मंगळवार माझाच राहील," हिंमतराव म्हणाले. "तो कोणी मागायचा नाही."

नागोअण्णांनी छातीवर हात ठेवला आणि बारीक खोकून दाखवलं. अभय पाणी आणायला पळाला.