दुखणं किती जुनं

जहाज सुटायला दोन दिवस उरले होते आणि चनबसप्पांच्या छातीत कळ आली. दुकानात, भर दुपारी, पितळी हंड्याचा भाव सांगताना. भाव अर्धाच सांगून ते खाली बसले. गिऱ्हाइकाला वाटलं, भाव एवढाच. त्याने घाईघाईने पैसे गल्ल्यावर ठेवले, हंडा काखेत मारला आणि मग ओरडला, "अहो, बघा की यांना काय झालं!"

हृदयाची एक नळी तुंबली होती. डॉक्टरांनी स्टेंट टाकला, आयसीयूत ठेवलं, प्रवासाला सक्त बंदी केली.

चनबसप्पांना प्रवासाचं काही नव्हतं. समुद्र बघायचा होता तो रत्नम्मांना. लग्न होऊन मंगळवार पेठेत आल्यापासून त्या भांड्यांच्या दुकानामागच्या दोन खोल्यांत राहत होत्या. पाणी म्हणून सिद्धेश्वराचं तळं पाहिलेलं, आणि एकदा एसटीच्या खिडकीतून उजनीचं धरण. मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या जहाजाची आगाऊ रक्कम त्यांनी स्वतःच्या भिशीतून भरली होती. भिशी काही दरवर्षी फुटत नाही.

चनबसप्पांचा पुतण्या गुरु ट्रॅव्हल एजंट होता. बुकिंग त्याचंच. प्रवासाचा विमाही त्यानेच काढलेला.

"काकू, जहाजवाले आता पैसे परत देत न्हाईत," तो म्हणाला. "पण विमावाले देतात. आजारपणामुळं जाता आलं न्हाय म्हणून. त्या पैशात दिवाळीनंतरचं जहाज धरू."

"नक्की?"

"काका आजारी हायत का न्हाईत? मग झालं की! फक्त त्यांचा माणूस येईल, घरी, शेजारी, चौकशी करायला."

चनबसप्पा घरी आले त्या दिवशी रत्नम्मा गल्लीतून दारोदार फिरल्या.

"विमावाला येणार हाय. आमच्यांना लई त्रास हाय म्हणा. कमी करून सांगू नका."

"कमी?" शेजारच्या अंबुबाई दुखावल्याच. "आमी काय परके हाय व्हय, रत्नम्मा?"

आलेल्या माणसाचं नाव जोतिराम. अकलूजचा. हळू बोलायचा, चहाला नाही म्हणायचा नाही. प्रत्येकाला तो एकच प्रश्न विचारत होता. त्रास कधीपासून?

*

अंबुबाई, दारात:

"कधीपासून? यप्पा! कधीपासून न्हाय ते विचारा. रात रात बसून काढतात बिचारे. मधी एकच भिंत हाय, सगळं कण्हणं ऐकू येतंय की. दहा वर्षं झाली असतील. तुमी जास्तच धरा."

गैबीसाब, रिक्षावाला, रिक्षात:

"काका? क्या बताऊं साब! रिक्षात बसले की छाती धरतात. तीनदा तर जाता जाता वाचले, मीच पाणी पाजलं. कधीपासून म्हणजे, ही रिक्षा नवी घेतली तेव्हापासून. आता बघा तिच्याकडं, भंगार झाली."

शिवप्पा, समोरचा दुकानदार, त्याचीही भांडीच:

"खोटं कशाला बोलू? त्यांच्या वडलांपासून हाय ते. खानदानी."

*

जोतिरामने सगळं लिहून घेतलं. निघताना रत्नम्मांना नमस्कार केला.

"काकू, माणसं लई जोडलीत तुम्ही."

"व्हय की," रत्नम्मा म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी गल्लीत हुग्गी, म्हणजे गव्हाची गोड खीर वाटली.

मग कंपनीचं उत्तर आलं. आजार पॉलिसीच्या आधीचा, अनेक वर्षांचा, विमा घेताना लपवलेला. क्लेम नामंजूर.

"जन्मात डोकेदुखीची गोळी खाल्ली न्हाय मी!" चनबसप्पा अंथरुणातून उठले ते थेट ओट्यावर. "अंबुबाई! मी कधी कण्हलो? सांगा की! कधी कण्हलो मी?"

"काका, तुमी आधी पडा बघू," अंबुबाई म्हणाल्या आणि जमलेल्या लोकांकडे वळल्या. "आजारी माणूस असंच करतंय. कुणी मनाला लावून घेऊ नका."

गुरु आला. विचार करून म्हणाला, "अपील करायचं. यावेळी उलटं सांगायचं. काका ठणठणीत होते म्हणायचं."

रत्नम्मा पुन्हा दारोदार.

"तूच म्हणालीस की कमी करू नका," अंबुबाई फणकारल्या.

"चुकलं माझं. आता चांगले होते म्हणा."

"किती चांगले?"

रत्नम्मांनी क्षणभर विचार केला. दिवाळी जवळ आली होती.

"एकदम," त्या म्हणाल्या.

*

अंबुबाई, दारात:

"कण्हणं? ते घोरणं वो! घोड्यागत माणूस. शिंकताना बघितलं न्हाय मी कधी. दवाखान्यात ठेवलेवते म्हणतात, पण मला इचारलं तर काय झालंच नव्हतं. उगी आपलं, विश्रांती."

शिवप्पा:

"खोटं कशाला बोलू? त्यांचे वडील पण असेच. नव्वदीत गेले, ते पण पाय घसरून."

गैबीसाब, रिक्षात:

"जहाज कधी सुटलं म्हणता साब? बुधवारी? अरे, बुधवारी तर मीच सोडलं काकांना दुकानावर! दोन हंडे खांद्यावर घेऊन उतरले. दोन! माशाल्ला."

*

यावेळी जोतिरामने चहा अर्धा ठेवला. काही दिवसांनी तो स्वतःच येऊन ओट्यावर टेकला.

"काका, बुधवारी तुम्ही आयसीयूत होता, का खांद्यावर हंडे घेऊन दुकानात, ते कंपनीला कळेना. आधी आजार लई जुना होता म्हणून नामंजूर. आता आजारच नव्हता म्हणून नामंजूर. फाइल बंद."

"दवाखान्याचे कागद हायत की!"

"कागद आहेत. पण माणसं तुमचीच आहेत ना." त्याला खरंच वाईट वाटत होतं. "आजार मधल्या मापाचा असता, तर मी काहीतरी केलं असतं."

"मधल्या मापाचा," चनबसप्पा म्हणाले. मधल्या मापाचं त्यांच्या दुकानात सगळं मिळत होतं.

"तुमी बघितलाय का समुद्र?" रत्नम्मांनी मधेच विचारलं.

"नाही काकू. आमच्याकडं कॅनॉल आहे."

तो गेला आणि थोड्याच वेळात अंबुबाई मोबाइल नाचवत आत आल्या. आपण दोन्ही वेळा जीव ओतून बोललो तरी पैसे मिळाले नाहीत, याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर होता. पण आता त्यावर आनंद पसरला होता.

"रत्नम्मा, तुमच्या गुरूची पिंकी बघ की! स्टेटसला!"

गुरूची बायको पिंकी जहाजाच्या कठड्याला टेकून उभी होती. शेजारी गॉगल लावून गुरु. मागे निळंच निळं, खाली तारीख त्याच बुधवारची.

गुरूला बोलावून घेतलं. त्याने फोटो पाहिला आणि पिंकीला मनातल्या मनात शिव्या दिल्या.

"काकू, जहाजातली खोली रिकामीच जाणार होती. पैसे तर बुडालेच होते. म्हणलं, नावं बदलून आमीच जाऊन येऊ."

"नावं बदलता येतात?" रत्नम्मांनी विचारलं.

"आदल्या दिवसापर्यंत येतात की."

"आणि वर विमा पण मागितलास?" चनबसप्पा ओरडले.

"मिळाला असता तर तुमालाच दिला असता की, काका!"

रत्नम्मांनी मोबाइल हातात घेतला. फोटो बोटांनी मोठा केला. पिंकी बाजूला सरकली, गुरु बाजूला सरकला, नुसतं निळं उरलं.

"कसा होता?"

"काय?"

"समुद्र."

"लई कंटाळा, काकू. नुस्तं पाणी. पिंकीला तर उलट्याच."

"म्हंजे, यांचं एकट्याचं नाव बदललं असतं तर मला जाता आलं असतं. माझी बहीण आली असती संगं."

"आता काका आयसीयूत असताना तुमाला कसं विचारणार मी?" गुरूने हात जोडले. "तुमी काय गेला असता व्हय?"

रत्नम्मांनी फोटो आणखी मोठा केला. चनबसप्पांनी बायकोकडे पाहिलं. आधी सहज, मग नीट निरखून.

"गेली असतीस?"

रत्नम्मांनी मोबाइल अंबुबाईंना परत दिला.

"आयसीयूत आत कुटं सोडत होते मला?" त्या म्हणाल्या. "काचेच्या भाईरच बसलेवते की."