टर्बाइनकाकांची दुरुस्ती

वीज केंद्रात उभा जन्म वाफेवर टर्बाइन फिरवण्यात घालवलेले टर्बाइनकाका निवृत्त झाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत बसलेच. लेक लग्न होऊन परगावी गेलेली, घरात दोघंच. 

"वाफ तोडली तरी टर्बाइन लगेच थांबवायचं नसतं," हे काकूंनी संसारभर जेवताना काकांकडून ऐकलं होतं. "त्याचा तापलेला दांडा एका जागी राहिला की स्वतःच्याच वजनानं वाकतो. गार होईस्तोवर त्याला हळूहळू फिरवत ठेवायचं." आणि इथे तर अख्खा नवरा थांबला होता.

"अहो, जरा लिंबं आणता?"

काका उठले, गेले, आले. चेहऱ्यावर थोडी रया आली. पण दोन माणसांना लिंबं लागून लागून किती लागणार? मग काकूंनी दुरुस्तीची कामं काढली. घरात काहीच बिघडलेलं नव्हतं, ही खरी पंचाईत. त्यांनी धडधाकट छत्रीच पाठवली. छत्रीवाल्याला दोष सापडेना, पण गिऱ्हाईक रिकाम्या हाती कसं पाठवायचं म्हणून त्याने दोन काड्या बदलल्या. छत्री उघडेनाशी झाली. काकूंनी काकांना यथेच्छ झापलं.

पुढे मिक्सर दुरुस्तीला गेला, तो घरघरत आला. टेबलफॅन गेला, तो मान टाकून आला. इस्त्री गेली, ती तापेना. सोन्यासारखं घर मोडीत निघालं, पण काका जिन्यात शीळ घालू लागले होते. तरी इस्त्रीनंतर काकूंचा संयम सुटला आणि त्या स्वतःच दुरुस्तीच्या दुकानात जाऊन थडकल्या.

"माझी काय चूक, काकू?" दुरुस्तीवाला कसनुसा झाला. "काकाच म्हणाले, जरा बिघडवून दे."

काकू तणतणत घरी आल्या. "तुम्ही मुद्दाम बिघडवून आणता?"

काका खाली बघत म्हणाले, "पोरगी गेल्यापासून तू नुसती खिडकीत बसून असायचीस. बोलायची नाहीस, जेवायची नाहीस. छत्री मोडली त्या दिवशी मला तासभर झापलंस आणि दोन घास जास्त जेवलीस. म्हटलं, दांडा फिरतोय, तर फिरू दे."

काकूंना भरून आलं. डोळे पुसून झाल्यावर त्यांनी विचारलं, "इस्त्रीपण?"

"छे. इस्त्री त्यानं मनापासून दुरुस्त केली."

काकूंना हसू आवरेना. "उद्या मीपण दुकानात येते," त्या म्हणाल्या. "त्याला झापणं तुम्हाला जमणार नाही."