नंबर तोच शे

उत्तमआप्पा सकाळी तोंड धुतल्यावर सगळ्यात आधी मोबाइलशी खोटं बोलतात.

आमच्या आणि त्यांच्या मागच्या अंगणात एकच भिंत आहे, ती पण खांद्याएवढी. त्यामुळे मला रोज ऐकू येतं. आप्पा ओट्यावर बसतात, मोबाइल तोंडासमोर आरशासारखा धरतात आणि सावकाश सांगतात, "मी आज राजस्थानले जाई ऱ्हायनू. मन्हाकडे तीन उंट शेतस. माले गुडघादुखी नही." मग मोबाइल स्टीलच्या डब्यात ठेवून झाकण लावतात.

आप्पांना गुडघादुखी आहे. उंट नाहीत. शहाद्याच्या पुढे ते वर्षातून एकदा गेले तर गेले.

मला लिहायची फार सवय नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली, त्यामुळे चुकलं तर सांगणारंही कोणी नाही. पण आप्पांबद्दल सांगायला कधीपासून जीव उतावीळ झालाय. एक अडचण होती, त्यांची परवानगी. ती मिळाली, पण अटींवर. उत्तम हे त्यांचं खरं नाव नाही. ते त्यांनीच निवडलं. गावाचं नाव लिहायचं नाही. शहाद्याहून एसटीने अर्धा तास आणि दोन्ही बाजूंना केळी, एवढं चालेल म्हणाले. "आठे केळी कोठे नही?" असं म्हणून त्यांनी स्वतःच समाधान करून घेतलं.

आप्पांनी साखर कारखान्याच्या गेटवर तीस वर्षं नोकरी केली. येणाऱ्या प्रत्येक माणसाला तीन प्रश्न विचारायचे आणि रजिस्टरमध्ये लिहायचे. कोन, कोठला, कसाले? साहेबाची गाडी असो की उसाची बैलगाडी, या तीन प्रश्नांशिवाय आत सोडायचं नाही. निवृत्त झाले तरी प्रश्न गेले नाहीत. आमच्या अंगणात मांजर आली तरी आप्पा भिंतीवरून विचारतात, "कोन, कोठली, कसाले?"

अशा माणसाच्या हातातला साधा फोन जाऊन टचस्क्रीनचा मोबाइल आला, नंबर तेवढा जुनाच राहिला, आणि मोबाइलच त्याला प्रश्न विचारायला लागला.

सुरुवात बॅटरीवरून झाली. लाइट गेल्यावर उजेड पाडायचं एक ॲप मी त्यांना टाकून देत होते. ॲपने विचारलं, तुमच्या ओळखीच्या लोकांचे नंबर पाहू का? तुम्ही कुठे आहात ते पाहू का? मी सवयीने "हो" दाबणार, तेवढ्यात आप्पांनी माझा हात धरला.

"थांब. हाई बॅटरी शे ना?"

"हो आप्पा."

"मंग बॅटरीले मन्हा साडूना नंबर कसाले पाहिजे?"

खरं सांगते, तोपर्यंत मला हा प्रश्नच पडला नव्हता. मी आयुष्यात किती वेळा "हो" दाबलं असेल, देव जाणे.

त्या दिवसापासून आप्पांनी गेट बंद केलं. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर लाल टिकली लागली. काकू, आप्पांची बायको, जाऊन चार वर्षं झाली. त्यांच्या टिकल्यांचं पाकीट अजून फडताळात आहे, त्यातली. एक टिकली उन्हाने सुटली की दुसरी लागते. आणि खोटं बोलणं सुरू झालं. आप्पांचं म्हणणं, मोबाइल ऐकतोच आहे, तर त्याला चुकीचं रजिस्टर भरू द्यावं. खरंखोटं मला माहीत नाही, पण बोलून झालं की ते तेच शोधतातही. उंटाचा चारा. नवरीचा मेकअप. जुळ्या बाळांची झबली.

जाहिराती यायला लागल्या आणि आप्पांचा आनंद काही विचारू नका. भिंतीवरून हाक मारायचे, "ए कॉलेज! दख, दख." मला ते कॉलेज म्हणतात. मोबाइलवर बाळंतिणीच्या डिंकलाडवांची जाहिरात असायची. आप्पा हसून हसून खोकायचे. "दख, मोबाइलले अजून पत्ता नही मी कोन शे."

बाबा म्हणायचे, "आप्पा, तुमच्याकडं लपवण्यासारखं आहे तरी काय?" बाबा केळीच्या गाड्या भरायला जातात, त्यांचा मोबाइल उघडाबोडका असतो. त्यावर आप्पांचं उत्तर ठरलेलं. कानुबाईचे रोट. आमच्याकडे श्रावणात कानुबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याचे गव्हाचे रोट भाऊबंदांच्या बाहेर कोणाला देत नाहीत. शेजारी कितीही जवळचा असो. मी आप्पांच्या घरचा चहा हजार वेळा प्यायले असेन, रोटाचा तुकडा कधी चाखलेला नाही. "रोटमा काय सोनं ऱ्हास का?" आप्पा विचारायचे. "गहूच ना? तरी घरनं ते घरमा."

मागच्या वर्षी त्यांचा हयातीचा दाखला काढायचा होता. तो आता मोबाइलवर चेहरा दाखवून निघतो. आप्पांना ओट्यावर बसवलं, टिकली काढायला अर्धा तास मनधरणी केली. स्क्रीनवर सूचना आली ती मी वाचून दाखवली, "डोळे मिचकावा."

"कोनले?"

"मोबाइलला. जिवंत आहात ते कळायला."

आप्पा ताठ बसले. "तीस वरीस गेटवर व्हतू. हजारो माणसं सोडात. पन तू जित्ता शे का, असं मी कोनलेच इचारं नही."

शेवटी मिचकावले. हिरवी खूण आली, मी टाळी वाजवली. आप्पांनी टिकली परत जागेवर लावली आणि म्हणाले, "आते मन्हं तोंड कोठे गयं?"

"दिल्लीला असेल."

"परत कव्हय येई?"

मी हसले. ते हसले नाहीत.

एकच गोष्ट मला त्यांच्यात जुळत नव्हती. आप्पा अनोळखी नंबरचा प्रत्येक फोन उचलायचे. डब्यात मोबाइल वाजला की घंटेसारखा घुमतो, सगळ्या गल्लीला कळतं. आप्पा गुडघा विसरून धावायचे, झाकण कधी हातात तर कधी जमिनीवर. समोरून लोनवाली नाही तर विमावाली. आप्पांचा चेहरा उतरायचा, "नको माय" म्हणायचे, झाकण लावायचे. दिवसातून पाच-सहा वेळा. मी म्हटलं, "आप्पा, हा नंबर सगळीकडे पसरलाय. नवीन सिम घेऊ, त्रास संपेल." एवढ्या सावध माणसाला हे लगेच पटेल असं मला वाटलं होतं.

"नंबर राहू दे," आप्पा म्हणाले आणि उठून आत गेले.

आता माझी चूक सांगते.

यंदा कानुबाईच्या विसर्जनाला सगळं गाव नदीकडे निघालं होतं. डफ वाजत होता, बायामाणसं फुगड्या खेळत होती. मधेच आप्पा पुढे झाले. मी त्यांना नाचताना कधीच पाहिलं नव्हतं. त्यांनी दोन्ही हात पुढे केले, एकावर एक तिढा घातला, मागे रेलले आणि गिरकी घ्यायला लागले. एकटेच. समोर कोणी नाही, पण हात असे ताणलेले की कोणीतरी धरलेत. टोपी उडाली. डोळे मिटलेले. मला इतकं भारी वाटलं की मी मोबाइल काढला, व्हिडिओ घेतला आणि घरी पोचायच्या आत स्टेटसला आणि रीलला टाकला. विचारलं नाही. सवयीने "हो" दाबावं तसंच झालं ते.

दुसऱ्या दिवशी कॉलेजमध्ये माझ्या बाकावरच्या मुलीने मला माझाच व्हिडिओ दाखवला. कोणीतरी त्यावर गाणं चढवलं होतं. दुपारपर्यंत आकडा लाखाच्या पुढे. मला काय वाटत होतं ते सांगायची लाज वाटते. मला आनंद झाला होता. मग मी खालचं वाचायला लागले. "बाबाला पार्टनर दिसतेय, आपल्याला नाही." "दुपारपासूनच घेतली वाटतं." एकाने गावाचं नाव लिहिलं होतं. दुसऱ्याने गल्ली. तिसऱ्याने, कारखान्याच्या गेटवर होते, बायको वारली, एकटेच राहतात.

कोन, कोठला, कसाले. सगळं भरून झालं होतं. तीन उंट काही कामाला आले नाहीत.

मी एसटी स्टँडवर उभी राहून व्हिडिओ काढून टाकला. पण गाणं चढवलेला तसाच फिरत होता, आणि त्याचे आणखी चार झाले होते. गावात उतरले तर चहाच्या टपरीवरून आप्पांना कोणी विचारत होतं, "काय फुगडीवाले, जोडीदारीन कोठे शे?" आप्पा दुधाची पिशवी घेऊन चालले होते.

मी मागोमाग त्यांच्या घरी गेले. उंबऱ्यातच म्हटलं, "आप्पा, मी टाकला. न विचारता. काढलाय, पण निघत नाही." पुढे रडूच आलं.

आप्पांनी पाटाकडे बोट केलं. "बठ."

त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग चष्मा पुसला आणि विचारलं, "कोन कोन दखं, ते दिसस का?"

मला वाटलं, चूक ऐकलं. "काय?"

"दखनारं कोन कोन शे. नावं."

स्टेटस मी घाबरून काढायचं विसरले होते. मी यादी उघडून दिली. चौसष्ट नावं. आप्पा रजिस्टर तपासतात तसे बोट ठेवून खाली येत गेले. माझ्या वर्गातल्या मुली, मावशी, आत्याचा दीर, झेरॉक्सवाला. शेवटपर्यंत गेले. परत वर आले.

"आनि त्या दुसरामा? लाखवालामा?"

"तिथे नावं दिसत नाहीत, आप्पा. फक्त आकडा."

"इतला लोक गेटमा उनात," आप्पा म्हणाले, "आनि रजिस्टर नही?"

तेव्हा कुठे मला समजलं. सुनंदाताई. हे नावही बदललेलं आहे. आप्पांची एकुलती एक मुलगी. मी चौथीत असताना तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं आणि गेली. माझ्या वेण्या तीच घालायची. तिच्याबद्दल गल्लीत कोणी बोलत नाही. मीही विसरल्यासारखीच होते.

"ताईला शोधत होता?"

"फुगडी सुनंदानीच व्हती," आप्पा म्हणाले. "दरसाल. तिन्ही माय म्हने, पोरीले सोडा, हात उखडतीन तिन्हा. ती सोडेच ना." मग डब्याच्या झाकणावरून बोट फिरवत राहिले. "मीच सांगेल व्हतं, या दारमा येऊ नको म्हनीसन. तिनी ऐकं. पहिल्यांदाच ऐकं मन्हं."

तिचा नंबर बदलला होता, तो आप्पांकडे नव्हता. पण आप्पांचा तिच्याकडे होता. पाठ होता तिला, लहानपणापासून. म्हणजे या एवढ्या वर्षांत लोनवाली, विमावाली, लॉटरीवाली, प्रत्येकीच्या फोनला आप्पा गुडघा विसरून धावत होते ते यासाठी.

मी एकदम उठले. मला इतकं सुचायला लागलं की शब्द अडखळायला लागले. म्हटलं, "आप्पा, ताईनं पाहिला असेल. लाख लोकांत एक ती असेलच. आपण त्या व्हिडिओखाली लिहू. तुमचं नाव, तुमचा नंबर, ताई फोन कर म्हणून."

आप्पांनी मान हलवली. मला वाटलं, परत रोट आठवला. पण ते म्हणाले, "तिन्हं नाव नको. तिन्हा घरना लोकेस्ले माहीत नसंल काही. तिले कसाले उघडं पाडनं?"

म्हणजे स्वतःचं सगळं उघडं पडलेलं असताना हा माणूस तिची टिकली जागेवर आहे का ते बघत होता. मी पुन्हा बसले. आणि नंबर तरी कशाला लिहायचा? तो तर तिच्याकडे आहेच.

आम्ही खूप वेळ खल केला. आप्पा सांगायचे, मी लिहायचे, आप्पा खोडायला लावायचे. शेवटी त्या गाणंवाल्या व्हिडिओखाली मी तीनच शब्द टाकले.

"नंबर तोच शे."

पाच मिनिटांत खाली प्रश्न सुरू. "कोणता नंबर?" "लकी नंबर आहे का बाबांचा?" "गाडीचा?" एकाने हसरी तोंडं टाकली, एकाने ताकीद दिली की फ्रॉड दिसतोय, सावध राहा. मी एकेक वाचून दाखवत होते आणि आप्पांचे खांदे हलायला लागले. डिंकलाडवांच्या वेळी हसायचे तसे हसले, खोकला येईपर्यंत. "लाख लोक," ते म्हणाले, "आनि समजनार फक्त एकीले."

मी खूप शिकले असं म्हणणार नाही. पण तेव्हापासून "हो" दाबायच्या आधी माझं बोट जरा थांबतं.

हे सगळं लिहू का, असं विचारलं तेव्हा आप्पा म्हणाले, "लिह. गावनं नाव नको. आनि नंबर तोच शे, हाई ध्यान ठेवीसन लिहजो." म्हणून लिहिलं. ताई वाचायची, लहानपणी भेळीचा कागदसुद्धा वाचायची.

ते तीन शब्द टाकले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भिंतीपाशी कपडे वाळत घालत होते. आप्पा ओट्यावर आले. मोबाइल डब्यात नव्हता, हातातच होता. त्यांनी नखाने टिकली काढली, कपाळाला लावतात तशी अलगद दाराच्या चौकटीला लावून ठेवली आणि मोबाइल तोंडासमोर धरला.

"कोन?" स्वतःलाच विचारलं. आणि आपलं खरं नाव सांगितलं.

"कोठला?" गावाचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली.

"कसाले?"

यावर आप्पा जे बोलले ते मी ऐकलं. पण ते त्यांच्या घरातलं आहे, मी इथे लिहीत नाही.