मांगीलालशेठचा पहिला नंबर

"पाच किलोमीटर? एवढं ते मी रोज सकायले चालीसन येस. ते बी चहाना पहिले."

हे वाक्य मांगीलालशेठ जेवताना बोलले आणि तिथेच फसले. एरवी माणूस जेवताना बोलतो ते ताटासोबत धुऊन जातं. पण समोर त्यांची मुलगी जिनल बसली होती. ती पुण्याहून संक्रांतीला आलेली आणि हातात फोन. तिने दोन बोटं हलवली आणि म्हणाली, "पप्पा, तुमचं नाव टाकलं. रविवारची दौड. पन्नाशीच्या पुढचा गट."

जानेवारीत नंदुरबारला अंगात वारं शिरतं. एका मैदानावर टेनिस बॉलचे सामने, दुसऱ्यावर कबड्डी, गच्च्यांवर पतंग, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही तो भोंग्यावरून समालोचन करतो. यंदा त्यात भर म्हणून क्रीडा मंडळाने 'नंदुरबार दौड' काढली होती. गाव धावणार होतं. शेठ टाळ्या वाजवणार होते. आता शेठही धावणार होते.

"धावाच," शेठची बायको अनोखीबाई म्हणाल्या. "इतला दिन चालतस, कोनी देखाले ते पाहिजे."

इथे वाचकाला खरं काय ते सांगून टाकायला हवं, कारण शेठ काही सांगणार नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं की साखर काठावर आहे, रोज चाला. तेव्हापासून शेठ रोज पहाटे जोडे घालून घराबाहेर पडत. कोपऱ्यापर्यंत हात हलवत झपाझप जात, कारण अनोखीबाई गॅलरीत उभ्या असत. कोपरा वळला की चाल संपली. पुढे सलाउद्दीनचं गाद्यांचं दुकान. दुकानाबाहेर नमुन्याची एक नवी कोरी कापसाची गादी अंथरलेली. समोर फाफडा-जिलबीची गाडी. शेठ आणि सलाउद्दीन त्या गादीवर बसत, आणि शेठची चाल तिथेच बसल्या बसल्या पूर्ण होई. घरी निघताना शेठ तोंडावर पाणी मारत, म्हणजे घाम. जोडे रस्त्याकडेच्या धुळीत नीट घासत, म्हणजे मेहनत. सहा महिन्यांत त्या गादीला शेठच्या आकाराचा एक खड्डा पडला होता आणि शेजारी सलाउद्दीनच्या आकाराचा थोडा लहान.

दुसऱ्या दिवशी त्या खड्ड्यात बसून शेठनी बातमी सांगितली. सलाउद्दीनच्या हातातली जिलबी हातातच राहिली.

"तू पयशी? तू जिना चढतांना मधमा बठस."

"मन्ही लाज ऱ्हावू दे. आते काय करू ते सांग."

"भाभीले खरं सांगी दे."

"खरं सांगं ते उद्यापाईन फाफडा बंद, जिलबी बंद, अन् तुन्हासंगे बठनं बी बंद."

दोघं शाळेत एका बाकावर होते. मग शेठ मिरचीच्या आडतीत गेले, सलाउद्दीन कापसात गेला, लग्नं झाली, पोरं झाली, आणि एका गावात राहून वर्षवर्ष नीट बोलणं होईना. डॉक्टरांच्या कृपेने ही सकाळची घटका हाती लागली होती. ती सुटली तर शेठना जिलबीपेक्षा जास्त वाईट वाटलं असतं, आणि जिलबीचं किती वाईट वाटलं असतं ते सगळ्या गावाला माहीत आहे.

"मन्हं बी नाव टाकाई गयं," सलाउद्दीन शेवटी म्हणाला. "अनोखीभाभीनी मन्ही बायको रशिदाले सांगं. रशिदाले बी वाटस मी तुन्हासंगे चालस."

म्हणजे आता दोन अब्रू टांगणीला लागल्या. शेठनी डोळे मिटले. व्यापाऱ्याचं डोकं ते, अडचणीत जास्त चालतं.

त्याच दुपारी दौडीचे आयोजक हेमकांत सर शेठच्या आडतीवर आले. सर शाळेत खेळ शिकवत. ते केळ्यांसाठी देणगी मागायला आले होते.

"केळी मन्हाकडथीन," शेठ म्हणाले. "फक्त रस्ता मन्ही पथारीवरथीन न्या."

पथारी म्हणजे गावाबाहेरचं मिरची वाळवायचं रान. हंगामात तिथे जमीन दिसत नाही, नजर जाईल तिथपर्यंत लाल. शेठच्या पथारीला रस्ता तिन्ही बाजूंनी लांबलचक वळसा घालून जात असे, घोड्याच्या नालेसारखा. मधून मात्र मिरचीच्या वाफ्यांमधली एक पायवाट होती. ती शेठना झोपेत सापडली असती. बेत साधा होता. सगळ्यांच्या मागे राहायचं, पथारी आली की हळूच आत शिरायचं, बारदानाच्या ढिगामागे दम खायचा आणि पलीकडून परत घोळक्यात मिसळायचं.

सर घुटमळले. "शेठ, तिथे मिरचीचा ठसका लागेल लोकांना."

"कसाना ठसका? तीस वरीस व्हयनात, माले कधी लागना नही."

हे मात्र अगदी खरं होतं. तीस वर्षं मिरचीत घालवलेल्या त्या नाकासमोर कोणी पोतं फोडलं असतं तरी त्याने दखल घेतली नसती. आपल्याला लागत नाही ते जगाला लागत नाही, हा हिशेब करून शेठ निश्चिंत झाले. सरांनाही केळी हवी होतीच.

रविवारी मैदानावर नंदुरबार उलटलं होतं. लोणखेड्याची कॉलेजची पोरं जागच्या जागी उड्या मारत होती. भोंगा सगळ्यांना एकदम पाणी प्यायला आणि पाणी न प्यायला सांगत होता. शेठ आले आणि कोणी ओळखलंच नाही. उभ्या जन्मात त्यांना पांढरा सदरा, पांढरा पायजमा आणि काळी टोपी सोडून कोणी पाहिलं नव्हतं. आज अंगात पोपटी टीशर्ट, डोक्यावर पुढे चोच असलेली टोपी. अनोखीबाईंनी टीशर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि कुंकवाचं बोट लावलं. त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आनंद होता की शेठना क्षणभर सगळं सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात शिट्टी वाजली.

पोरं बाणासारखी सुटली. मागे राहिला तो बाजार: आडते, हमाल, मापाडी, किराणावाले. आणि सगळ्यांत मागे शेठ आणि सलाउद्दीन, एकमेकांच्या खांद्याला धरून. पथारीपर्यंत पोहोचेतो सलाउद्दीनच्या तोंडाला फेस यायचा बाकी होता. "आते चाल," शेठ म्हणाले, आणि हळूच पायवाटेला वळले.

इथे शेठ एक गोष्ट विसरले. मिरचीच्या लिलावात शेठ ज्या ढिगाला हात लावतात त्याच्याकडे सगळे धावतात. शेठ वळले की बाजार वळतो, ही तीस वर्षांची सवय. पुढच्या मापाड्याने मागे वळून पाहिलं. त्याला बाकी कोणी नाही तर सलाउद्दीन ओळखता आला, आणि सलाउद्दीन ज्याचा खांदा धरून आहे तो कोण हे सांगायला नको. "शेठ आत गयात," तो म्हणाला. झालं. सगळा बाजार पथारीत शिरला.

पायवाट होती दोन माणसांची. शिरली शंभर. बाकीचे मिरचीवरून आले. वाळलेली मिरची जोड्यांखाली कुरकुरली आणि त्या लाल रानातून एक लाल ढग उठला. वारा रस्त्याकडे होता. रस्त्यावर लोणखेड्याची पोरं अजून तो लांब वळसाच घालत होती. ती थेट ढगात घुसली.

पहिला शिंकला. दुसरा शिंकला. मग मोजायचं कारण उरलं नाही. रस्ताभर पोरं खाली बसली, डोळे चोळू लागली, आणि चोळल्यावर काय होतं ते कळून आणखी ओरडू लागली. वळणावरचा पाणीवाला पाण्याचे पेले टाकून पळाला. बाजाराच्या नाकाला मात्र काही झालं नाही. एकजण तर म्हणाला, माल चांगला आहे.

पण बाजाराला जतनीबाई आडवी आली. जतनीबाई पथारीवरची मुकादम. मिरची उलटायचं लाकडी दाताळं हातात घेऊन ती दिवसभर त्या रानाची राखण करी.

"जोडा काढा!" ती ओरडली. "लक्ष्मीवर जोडा घालीसन काय चालतस?"

पथारीचा नियम तो. मालावर पाय पडला तर उघडाच पडावा. आडते असोत की हमाल, सगळे जिथल्या तिथे वाकले आणि जोड्यांच्या नाड्या सोडू लागले. सलाउद्दीनही वाकला, आणि एकदा वाकल्यावर त्याला उठता येईना. जोडे घालून उभा राहिला तो एकटाच माणूस, पोपटी टीशर्टवाला, कारण त्याला वाटलं हे आपल्याला नाही.

"तुले सांगी ऱ्हायनी, टोपीवाला!"

शेठ तोंड उघडून सांगणार होते, पण तोंड दम घेण्यात गुंतलं होतं. जतनीबाई दाताळं उगारून पुढे आली. शेठ मागे सरले. ती आणखी पुढे आली. मग शेठच्या पायांनी शेठना न विचारता निर्णय घेतला.

"थांब! शेठना माल शे हाऊ! शेठले समजनं ते तुन्ही चामडी सोली टाकी!"

शेठ आपल्याच मालातून, आपल्याच भीतीने, आपल्याच मुकादमापुढे धावत होते. पलीकडच्या रस्त्यावर आले तरी ती मागेच. उसाच्या गाड्यापाशी त्यांनी वळून पाहिलं, ती मागेच. शेठ असे कधी लग्नाच्या घोड्यावरसुद्धा धावले नव्हते. मैदानात शिरताना टोपी उडाली, टीशर्ट पाठीला चिकटला आणि छातीला रिबीन लागली. पुढे कोणी नव्हतं. मागे दाताळं होतं.

भोंग्यावरच्या माणसाला शब्द सुचेना. त्याला शब्द न सुचण्याची ही पहिलीच वेळ. मागोमाग जतनीबाई आत आली आणि टोपी गेलेलं डोकं पाहून जागीच थिजली.

"शेठ? तुम्हीन?" तिने पदराने तोंड झाकलं. "माय वं. आते मन्ही आजनी हाजरी कापशात नही ना?"

हेमकांत सरांनी मागे पाहिलं, रस्ता मोकळा. त्यांनी जतनीबाईच्या गळ्यात बायकांचं पहिलं पदक घातलं. तिने ते दाताळ्यासकट घेतलं. तासाभराने शिंकत शिंकत पोरं आली, त्यांच्या गटाची बक्षिसं त्यांना मिळाली. बाजार हातात जोडे घेऊन आला. कोण कुठून गेलं हे सांगायला कोणी तयार नव्हतं, कारण सगळेच तिथून गेले होते. पन्नाशीच्या पुढच्यांचा पहिला नंबर शेठचा.

सरांनी ध्वनिक्षेपक पुढे केला. "शेठ, सांगा, हे कसं जमलं?"

शेठनी समोर पाहिलं. अनोखीबाई पहिल्या रांगेत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मिरचीने नव्हे. शेठ "रोज सकायले" एवढं म्हणाले आणि त्यांनी ध्वनिक्षेपक सरांना परत दिला. लोकांना वाटलं गहिवरले. ते गहिवरलेच होते, पण कशाने ते त्यांनाच माहीत.

घरी येताना अनोखीबाई हळू आवाजात म्हणाल्या, "माले वाटे तुम्हीन चालतच नहीत. कोठेतरी बठी ऱ्हातस. मी उगाच शंका घेत ऱ्हायनी. मन्हं चुकनं."

शेठना पदक गळ्यात धोंड्यासारखं लागायला लागलं.

"म्हनीसन ठरायं," त्या म्हणाल्या. "उद्यापाईन मी बी येसू तुमनासंगे. रशिदाले बी सांगं शे."

सोमवारी पहाटे चौघं निघाले. पुढे अनोखीबाई आणि रशिदाभाभी, मागे दोन गुन्हेगार. कोपरा वळला. शेठनी मान खाली घातली आणि झपाझप पुढे निघाले. सलाउद्दीन आपल्याच दुकानाकडे असं पाहत होता की जणू ते दुसऱ्या कोणाचं आहे. पण गाडीवाल्याला काय माहीत. त्याने कढईतून मान वर केली आणि प्रेमाने विचारलं, "शेठ, रोजनीच प्लेट का आज डबल?"

अनोखीबाई थांबल्या. त्यांनी गाडीकडे पाहिलं. शेठकडे पाहिलं. मग त्यांनी दुकानाबाहेरच्या गादीकडे पाहिलं, तिच्यातल्या त्या दोन खड्ड्यांकडे, एक मोठा आणि एक लहान. शेठना वाटलं, आता आभाळ कोसळणार. पण अनोखीबाई पदर सावरून, चपला काढून मोठ्या खड्ड्यात बसल्या. खड्डा त्यांनाही बरोबर झाला. लहान खड्ड्यात रशिदाभाभी बसल्या.

"डबल दे, भाऊ," अनोखीबाई गाडीवाल्याला म्हणाल्या. मग शेठकडे वळल्या. "तुम्हीन पया. पहिला नंबर शे तुमना. आम्हीन बठतस आठे."

शेठ आणि सलाउद्दीन पळाले. गल्लीला वळसा घालून परत आले तेव्हा प्लेटमध्ये फाफडा अर्धा होता. पुढच्या वळशाला जिलबी संपत आली होती आणि दोघी कशावर तरी पोट धरून हसत होत्या. शेठनी लांबूनच विचारलं, आता थांबू का. अनोखीबाईंनी तोंडात घास असल्यामुळे बोटानेच पुढचा रस्ता दाखवला.

"कमीत कमी," सलाउद्दीन धापा टाकत म्हणाला, "आपीन दोन्ही संगे ते शेतस."

हे खरं होतं, आणि शेठना तेवढ्यातही बरं वाटलं. घरी निघताना सवयीने त्यांनी जोडे धुळीत घासायला पाय पुढे केला. मग खाली पाहिलं. आज गरज नव्हती.