टाकीत कोण पडलं?

"अक्षताबाय, टाकी लाल झाली! वाट लागली!"

सकाळी साडेनऊला कारखान्यातल्या अनंतकाकांचा फोन आला तेव्हा अक्षता डब्यात चपात्या भरत होती. डबा तसाच राहिला.

"लाल? काका, नीट बघा. किती लाल?"

"कोकम सरबतासारखी. दाट."

अक्षता एवढ्या जोरात किंचाळली की ओट्यापाशी उभ्या असलेल्या आईच्या हातातलं उलथनं खाली पडलं.

"कोण गेलं गं?"

"गेलं नाही आई, आलं! सेलेनियम बाहेर आलं!"

"मग जेवायला थांबणार आहे का?" आईने विचारलं. पण अक्षताचं लक्ष फोनकडे होतं. अनंतकाका दबक्या आवाजात सांगत होते, "धवलभाईंनी पण बघितल्यानी. ब्लीचिंग पावडर आणूक सांगतत."

"काही टाकू देऊ नका! मी निघालेच!"

अक्षता मुलुंडच्या एका काचकारखान्यात इंजिनिअर होती. काचेला लाल रंग यावा म्हणून तिथे सेलेनियम वापरत, आणि ते धुण्याच्या पाण्यात विरघळून जाई. डोळ्यांना काही दिसत नसे, पण खाडीतल्या माशांना ते विष. म्हणून अक्षताने खाडीकाठच्या चिखलातून जिवाणू आणून एका काळ्या टाकीत वाढवले होते. त्यांना रोज काकवी पाजायची आणि झाकण घट्ट लावायचं. हवा मिळाली नाही की ते सेलेनियमवर गुजराण करतात, आणि त्याचे लाल कण होऊन पाण्यातून वेगळे पडतात. पुस्तकात तरी असंच होतं. टाकीत मात्र तेवीस दिवस काहीही झालं नव्हतं. आज अकरा वाजता प्रदूषण मंडळाच्या दिशा मॅडम नमुना घ्यायला येणार होत्या. आज पाणी पास झालं नाही तर धुलाई विभागाला टाळं लागणार, आणि तिथली चाळीस माणसं घरी बसणार.

भांडुपहून रिक्षात बसल्याबसल्या तिने रिक्षावाल्याला सगळं सांगून टाकलं. त्याला कळलं काहीच नाही, पण तो एवढा पेटला की दोन सिग्नल आणि एक बेस्टची बस मागे टाकून त्याने तिला वीस मिनिटांत फाटकाशी उतरवलं.

कारखान्याचे मालक धवलभाई शिडीवर चढलेले होते. खांद्यावर ब्लीचिंग पावडरची पिशवी होती आणि एक हात टाकीच्या झाकणाकडे गेला होता.

"धवलभाई, थांबा!"

"अरे काय थांबा, अक्षताबेन! अकरा वाजता मॅडम येणार. हे लाल पाणी बघून ती मला आत टाकेल. एक पिशवी टाकतो, सगळं सफेद!"

"नका टाकू! आत जीव आहेत! मरतील सगळे!"

तिचा आवाज फाटकापर्यंत गेला. तिथे वॉचमन चंद्रप्रकाश उभा होता. टाकीच्या तळाच्या नळाखाली त्याला लाल डबकं दिसत होतं, आणि आता हेही ऐकू आलं. कर्तव्यदक्ष माणूस. त्याने कोणालाही न विचारता अग्निशमन दलाला फोन लावला.

अक्षता धवलभाईंना शिडीवरून उतरवून, पिशवी काढून घेऊन, लाल रंग ही आनंदाची बातमी कशी आहे ते समजावत होती, तोवर घंटा वाजवत बंब आत शिरला. शेजारच्या सोसायटीच्या गॅलऱ्या भरल्या. बंबामागोमाग पांढरी जीप आली. तिच्यातून दिशा मॅडम ठरल्या वेळेआधीच उतरल्या.

बंबावरचे अधिकारी हेल्मेट सावरत पुढे आले. "किती जण आहेत आत?"

"कोट्यवधी," अक्षता म्हणाली.

त्यांनी टाकीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मॅडम, टाकी पाच हजार लिटरची आहे."

"जिवाणू हो! माणूस नाही. माणूस कोणी पडलेलाच नाही."

"तरी हजेरी घ्या. नियम आहे."

हजेरी घेतली. सगळे होते. फक्त अनंत सावंत नव्हते.

"मघाशी तर शिडीवर होते," धुलाई विभागातला प्रीतम म्हणाला आणि त्याने खाली बोट दाखवलं. शिडीच्या पायथ्याशी अनंतकाकांच्या चपला होत्या. एक सरळ, एक पालथी.

अक्षताने घाईघाईने फोन लावला. रिंग टाकीच्या माथ्यावर वाजली.

ते पाणी लाल का झालं हे तिथे फक्त अक्षताला माहीत होतं. पण चपलांकडे पाहता पाहता तिलाही ते खात्रीने आठवेना. काकांनी तिला पहिल्या दिवसापासून सांभाळून घेतलं होतं.

"टाकी उपसावी लागेल," अधिकारी म्हणाले. "बाजूच्या उघड्या हौदात सोडतो. तुमचे ते जिवाणू..."

"मरू देत जिवाणू! उपसा! लवकर उपसा!"

जवानांनी पाइप आत सोडला. एकाने यंत्राच्या बटणावर हात ठेवला.

"काय झाला रे? कोण पडलो टाकीत?"

गर्दीच्या मागे अनंतकाका उभे होते. पायांत गमबूट, हातात पिशवी, आणि डोळे उत्सुकतेने मोठे झालेले.

अक्षताने धावत जाऊन त्यांना मिठी मारली. मग लगेच ओरडली, "बंद! यंत्र बंद ठेवा! पाइप काढा! झाकण लावा!"

"तुम्ही पडला होतात, काका," प्रीतमने त्यांना सांगितलं.

"मिया? कधी?"

अधिकाऱ्यांनी चंद्रप्रकाशला बाजूला नेऊन बराच वेळ काहीतरी सुनावलं. बंब गेला. गॅलऱ्या जरा नाराज होऊनच रिकाम्या झाल्या.

मग दिशा मॅडमनी नमुना घेतला. गाळणकागदावर वीटकरी गाळ राहिला आणि खाली नितळ पाणी उतरलं. कारखान्याच्या छोट्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर आकडा उमटला. मॅडमनी चष्मा पुसून तो पुन्हा वाचला.

"मर्यादेच्या खूप खाली आहे. अहो, हे झकास आहे!"

धवलभाईंनी टाकीला हात जोडले. धुलाई विभागातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. अक्षता हसत होती आणि नाकही पुसत होती.

"पण तेवीस दिवस काहीच नाही आणि एकदम आज?" मॅडमनी वही उघडली. "काय बदललंत तुम्ही?"

"काकवीचं प्रमाण," अक्षता अभिमानाने म्हणाली. "गुरुवारी मी ते नव्याने ठरवलं."

मॅडम ते लिहीत होत्या, तेव्हा अनंतकाका हळूच पुढे आले. त्यांनी पिशवीतून एक चकचकीत यंत्र काढलं. मोठ्या फिशटँकमध्ये बुडबुडे सोडायचा पंप होता तो.

"अक्षताबाय, ह्यो खंय लावू?"

"हा कशाला, काका?"

"हवेक. तुमी झाकण घट्ट लावतास, आतले बिचारे गुदमारतले म्हणान रोज संध्याकाळी तुमी घराक गेलास की मी आत नळी सोडी. शुक्रवारी मेलो पंप बिघाडलो. चार दिस हवा नाय. आज बघतंय तर रगत ओकले गो! म्हणान चपला, फोन थंयच टाकून गमबुटातच बाजारात धावलंय. ह्येका दोन नळये आसत."



दिशा मॅडमनी वहीतली काकवीची ओळ खोडली, नवं पान उलटलं आणि पेन सरसावून विचारलं, "काका, तो पंप बिघडला, ती वेळ नेमकी आठवते का?"