श्रीहरीभाऊंच्या गाडीचा लाल दिवा

पट्टा लावलेला होता, तरी गाडी ओरडत होती. श्रीहरीभाऊंनी ती आरमोरीत रईसच्या दुकानापुढे आणून उभी केली आणि पुरावा म्हणून पट्ट्यासकट आतच बसून राहिले.

"पाहा रईसभाऊ, पट्टा छातीवर हाय का नाई? तरी हा लाल दिवा पेटलेलाच. अन् स्पीडचा काटा वीसच्या वर गेला का टुंग टुंग टुंग! डोस्कं उठवलं यानं."

"उतरा भाऊ. दहा मिनिटाचं काम हाय," रईस म्हणाला.

गाड्यांच्या वायरिंगमध्ये रईसची बावीस वर्षं गेली होती. त्याच्या दुकानातून गाडी कधी दिवा पेटलेला घेऊन जात नाही, असं गावात म्हणत. आणि गाव विसरलंच, तर तो स्वतः आठवण करून देई. काम करताना समजावून सांगायचीही त्याला भारी हौस. श्रोता कोणीही चाले. आज मागच्या सीटवर श्रीहरीभाऊंच्या पत्नी ललिताबाई होत्या.

"हे पाहा बाई, पट्टा या खाचेत टक् करून बसते ना, तिथी आत बटन असते. त्याची तार सीटखालून जाते. हा इथी जोड हाय. हा सुटला, का गाडीले वाटते पट्टाच लावला नाई."

"अस्सं," ललिताबाई वाकून पाहत म्हणाल्या.

जोड घट्ट होता. रईसने खाचेत हवा मारली, तसं चारोळीचं एक टरफल टुणकन बाहेर उडालं. दिवा विझला.

"आता वाजणार नाई?" ललिताबाईंनी विचारलं.

"जिंदगीभर नाई!"

ललिताबाईंचा चेहरा का पडला, ते रईसला कळलं नाही. ऊन लागलं असेल, असं वाटून त्याने पाणी मागवलं.

जिंदगी चार दिवसांत संपली. श्रीहरीभाऊ परत आले, दिवा पेटलेला. या खेपेला सीटखालचा जोड निसटला होता. रईसने तो दाबून बसवला. पाच दिवसांनी गाडी पुन्हा दारात. त्याने जोडाला काळी टेप गुंडाळली. त्याच्या पुढच्या आठवड्यात जोड सुटलेला आणि टेप गायब.

रईसचं जेवणावरचं लक्ष उडालं. "भातात तारा शोधून राह्यले का?" त्याची बायको निशात म्हणाली. "जेवा ना. एक दिवाच तं हाय."

"एकच दिवा हाय म्हणूनच तं! पूर्ण बाजारात हसून राह्यले लोकं."

रस्त्याच्या हादऱ्यांनी जोड सुटत असावा, असं ठरवून तो एकदा श्रीहरीभाऊंबरोबर वडशाच्या रस्त्याने निघाला. दिवा पेटलेला, म्हणून श्रीहरीभाऊंनी काटा अठरावर धरलेला. धानाची पोती लादलेला ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून गेला. मग डोक्याएवढा उंच गवताचा भारा बांधलेला सायकलवाला शेजारी आला आणि आपुलकीने म्हणाला, "भाऊ, ढकलू का?" अठराच्या वेगात हादरे कसले बसणार? वायरिंगला धक्काही लागला नाही. लागला तो रईसच्या इभ्रतीला.

"उंदीर!" परतल्यावर तो ओरडला. "टेप उंदरानं नेली. सीटखाली पिंजरा लावा, चापवाला."

श्रीहरीभाऊ आज्ञाधारक. त्यांनी चाप लावला. आठवड्याने गाडी आली, तेव्हा तो काढायचं ते विसरले आणि लावायला सांगितलं होतं, हे रईस विसरला. त्याने सवयीने सीटखाली हात घातला. खट्!

रईस जे ओरडला ते समोरच्या मेडिकलपर्यंत गेलं. श्रीहरीभाऊ तिकडेच मलम आणायला धावले. रईस बोट धरून खाली बसला, तेव्हा पायपुसण्याखालून काहीतरी काळं डोकावताना दिसलं. त्याची टेप होती. चार घड्या घातलेली, कडा जुळवून. रईसने अनेक उंदीर पाहिले होते. घड्या घालणारा एकही नव्हता.

त्याने हळूच मागच्या सीटकडे पाहिलं.

"खूप लागलं का हो?" ललिताबाई ओशाळून म्हणाल्या.

"बाई, तुमी?"

"तुमीच तं दाखवला होता जोड. मागून हात घातला का सापडते." त्यांनी मेडिकलकडे नजर टाकून आवाज उतरवला. "तीस वर्षं एसटी चालवली त्याईनं. रिटायर झाले, पण टाइमटेबल सुटलं नाई. आरमोरीहून सावली गावाले ही गाडी पाऊण तासात टेकवत होते. उन्हाळ्यात जंगलात डुकराची अख्खी पलटण आडवी आली. गाडी वाचली, आमी वाचलो, पण माहा जीव अजून तिथीच पडून हाय. माहं ऐकलं नाई, पोराचं ऐकलं नाई. या दिव्याचं ऐकून राह्यले. वाजते म्हणून वीसच्या वर जातच नाईत. तुमी विझवला, का त्याच दिवशी सत्तरवर!"

श्रीहरीभाऊ मलम घेऊन रस्ता ओलांडत होते. रईसच्या एका हातात टेप होती, दुसऱ्या हातात ठणकणारं बोट आणि मध्ये बावीस वर्षांचं नाव. त्याने टेप खिशात घातली.

"सापडला का उंदीर?" श्रीहरीभाऊंनी विचारलं.

"नाई भाऊ. हा फॉल्ट माह्या हातचा नाई. असाच राहू द्या."

"तुमच्यानं नाई झालं?" श्रीहरीभाऊंना रईसच्या बोटापेक्षा हे जास्त लागलं. दिवा पेटलेली गाडी अठराच्या वेगाने बाजारातून गेली. एवढी हळू, की प्रत्येक दुकानदाराला ती नीट पाहता आली.

आता आपल्याकडे कोण येणार, या विचारात रईसने दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी भद्रावतीहून माहेरी आलेली दीपाली नवऱ्याची गाडी घेऊन आली.

"रईसभाऊ, ललिताकाकूच्या गाडीत हाय तसा फॉल्ट करून देता का?"

दुपारी आणखी दोघी आल्या. एकीने तर विचारलं, वीसच्या ऐवजी पंधरावर वाजेल का?

संध्याकाळी डबा घेऊन निशात दुकानात आली आणि तिथेच रेंगाळली. रईसच्या मोटारसायकलला एक फेरी मारून तिने ती खालीवर न्याहाळली.

"काय पाहून राह्यली?" रईसने विचारलं. "मोटारसायकलले पट्टा नसते."

"पट्टा नसला तं नसू द्या," निशात म्हणाली. "टुंग टुंग तं लावता येते ना?"