पेशींशी अहो-जाहो

नाडकर्णी सर माणसांना अरे-तुरे करतात आणि पांढऱ्या पेशींना अहो-जाहो. लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीत ते आमच्या समोरच राहतात. सकाळी कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. दुपारनंतर प्रयोगशाळेत, दुसऱ्याची बसवलेली किडनी शरीर का नाकारतं, याचा शोध घेतात. संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोचलं नाही तर ती नुसती उंदरांची करमणूक, असं त्यांचं मत.

वर्गात फळ्यावर पांढरी पेशी काढली की म्हणणार, "लीजिए, आ गए चौकीदार साहब. आप किसी की नहीं सुनते." पोरं खिदळतात. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "लखनौत राहतोस ना? मग थोडी तहजीब शीक!"

त्यांच्या पत्नी, नलूताई, कपाळाला हात लावत. "मला जन्मभर 'अगं ए', आणि त्या पेशींना अहो!"

इथे लशीला टीका म्हणतात. सर साताऱ्याच्या मेव्हण्याला फोनवर सांगत होते, "आज दिवसभर टीकाच शिकवली." तो म्हणाला, "दाजी, ती तर तुम्हाला उपजतच येते."

मग नलूताईंच्या किडन्या निकामी झाल्या. सरांनी आपली द्यायचं ठरवलं. तपासण्या जुळल्या, तेव्हा "पत्रिकेपेक्षा चांगलं जुळलंय" असं गल्लीभर सांगत सुटले. काही महिने बरे गेले. मग नलूताईंच्या शरीरानं ती किडनी नाकारायला सुरुवात केली.

हॉस्पिटलात गेलो तर सर खाटेशी बसून हळू आवाजात बोलत होते. मला वाटलं, नलूताईंशी. पण त्यांना झोप लागली होती.

"अहो, जरा ऐका. मी परका नाही हो. इतकी वर्षं संसार केलाय आम्ही."

मला तिथे उभं राहवेना.

किडनी टिकावी म्हणून दिलेल्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबली होती. साध्या संसर्गानं नलूताई गेल्या.

परवा मलिहाबादहून दशहरी आंबे आणले, त्यातले थोडे सरांना द्यायला गेलो. बागवाल्यानं कलम कसं बांधतात ते दाखवलं होतं, तेही उत्साहानं सांगून बसलो. सरांनी हातातला आंबा खाली ठेवला.

"परक्या झाडावर बांधलेली फांदी जीव धरते," ते म्हणाले. "मग माझी किडनी तिच्यात का नाही रे जगली?"

याचं उत्तर ते रोज वर्गात शिकवतात. मी त्यांच्याजवळ बसून राहिलो.